इंग्रजी बोलण्याचा सराव: साध्या घरगुती प्रश्नांना आपल्या पोरांनी काय उत्तर द्यावं?

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी,

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या वाचनालयात संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचा सराव चालतो. आठवीपासून कॉलेजपर्यंतची मुलं-मुली येतात, गावातल्या काही सुना येतात, एक ऑटोवाले दादाही येतात. व्याकरणाचं पुस्तक आम्ही उघडत नाही. समोरासमोर बसायचं, प्रश्न विचारायचा, उत्तर द्यायचं. नाव काय, कुठे राहतोस, घरी कोण कोण असतं, सकाळी किती वाजता उठतेस, फावल्या वेळात काय करतेस, काल काय केलंस. इंग्रजी बोलायला शिकवणारा कुठलाही वर्ग याच प्रश्नांपासून सुरू होतो, कारण नव्या माणसाशी पहिल्यांदा बोलताना हेच विचारलं जातं.

हे प्रश्न सोपे समजून सगळे लवकर पुढे सरकतात. मला मात्र वाटतं की आपल्याकडच्या मुलांना हेच प्रश्न सगळ्यात जड जातात, आणि त्याचा इंग्रजीशी फारसा संबंध नाही. त्यांना जे उत्तर पाठ करायला दिलेलं असतं ते दुसऱ्याच कुणाच्या घरचं असतं. 'माय हॉबी इज रीडिंग बुक्स अँड लिसनिंग टू म्युझिक.' 'ऑन संडे आय गो टू द गार्डन विथ माय पेरेंट्स.' गावात गार्डन नाही, कापसाची वेचणी सुरू असली की रविवारीही मायबाप वावरात. मुलगा ते वाक्य धडाधड म्हणून टाकतो. मी विचारते, 'विच बुक?' आणि तो जमिनीकडे पाहतो. त्याला इंग्रजी येत नाही असं नाही, सांगायला त्याच्याकडे पुस्तकच नसतं.

नववीतल्या एका मुलीशी झालेलं बोलणं देते. तिनेही आधी हॉबीचं तेच वाक्य म्हटलं. मग मी प्रश्न बदलला. 'व्हॉट डू यू डू आफ्टर स्कूल?' ती म्हणाली, 'आय टाय गोट्स.' 'हाऊ मेनी गोट्स?' 'फोर.' 'आर दे गुड गोट्स?' इथे ती हसली. 'थ्री आर गुड. वन इज बॅड. शी ईट्स काकाज तूर.' 'देन व्हॉट डज युवर काका डू?' 'ही शाऊट्स. माय मदर आल्सो शाऊट्स. देन बोथ ड्रिंक टी.' एवढं बोलेपर्यंत तिच्या लक्षातही आलं नाही की आपण इंग्रजीतून बोलतोय. या वाक्यांत 'द' नाही, 'तूर' मराठीच राहिली आहे. पण ऐकणाऱ्याला घर दिसलं, बकरी दिसली, भांडण आणि चहा दिसला.

आमच्या सरावाची रीत एवढीच: आधी सरळ उत्तर, मग त्यावर आपल्या घरचा एक खरा तपशील, आणि जमलं तर समोरच्याला उलट प्रश्न. 'आय गेट अप ॲट फाइव्ह. द टॅप वॉटर कम्स ॲट फाइव्ह थर्टी, सो आय फिल द वॉटर फर्स्ट. व्हॉट अबाउट यू?' 'एव्हरी मॉर्निंग आय ब्रश माय टीथ' यापेक्षा हे उत्तर कितीतरी चांगलं, कारण यावर पुढे बोलता येतं.

तुम्ही तुमच्याकडे काय करता? ज्यांना नोकरीत, मुलाखतीत, परदेशात असे प्रश्न आले त्यांनीही लिहा. मी इथलं मुलांना वाचून दाखवणार आहे.

धानाची_बांधी

ताई, मनातलं लिहिलं. मी गोंदिया जिल्ह्यात प्राथमिक शाळेवर आहे.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. आताच्या पालकांपैकी पुष्कळांनी त्याआधी पाचवीत एबीसीडी गिरवली. त्यांच्या तुलनेत आमच्या पोरांना शब्द खूप येतात. फळं, फुलं, प्राणी, रंग विचारा, टणाटण सांगतात. पण त्यांना कुणी इंग्रजीतून खरोखर काही विचारलेलंच नसतं. 'व्हॉट इज धिस?' म्हणून आंब्याच्या चित्रावर बोट ठेवणं म्हणजे प्रश्न नव्हे, ते आपल्यालाही माहीत असतं आणि पोरालाही.

आमच्याकडे धानाच्या रोवण्याच्या दिवसांत वरच्या वर्गातली पोरं गळतात. परत आली की मी हजेरीवरून बोलत नाही, भूतकाळाचा सराव घेतो. 'व्हॉट डिड यू डू यस्टरडे?' 'आय वेन्ट टू द बांधी. आय कॅरीड पऱ्हे.' 'वॉज इट हेवी?' 'येस, व्हेरी हेवी. वॉटर वॉज फॉलिंग ऑन माय नेक.' डोक्यावरच्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुडीतून मानेवर गळणारं पाणी हा तपशील कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडणार? 'वेन्ट', 'कॅरीड', 'वॉज' ही रूपं त्याच्या तोंडात त्या दिवशी बसली ती बसली.

आणखी एक गोष्ट आपल्या बोलीची. 'मी इथं राहून राह्यलो', 'तो शाळेत जाऊन राह्यला' असं आपण सारखं म्हणतो. त्यामुळे इंग्रजीतही 'आय ॲम लिव्हिंग', 'आय ॲम गोइंग टू स्कूल एव्हरी डे' आपसूक येतं. रोजच्या, कायमच्या गोष्टीला साधा वर्तमानकाळ: 'आय लिव्ह इन आमगाव', 'आय गो टू स्कूल बाय सायकल'. कॉलेजसाठी पोरगी दोन वर्षं नागपूरला खोली करून राहते तेव्हा 'आय ॲम लिव्हिंग इन नागपूर' अगदी बरोबर. स्वतःविषयीच्या प्रश्नांत निम्मी उत्तरं रोजच्या सवयीची असतात, म्हणून एवढा एक फरक पक्का झाला की बोलणं एकदम सुधारतं. 'आय हॅव टू ब्रदर्स' हेही त्यातलंच. 'आय ॲम हॅविंग' नको.

जुने_मास्तर

पऱ्हाटीताई, तुमची तळमळ कळते, तरी पाठांतराला इतकं उणं लेखू नका. मी अकोला जिल्ह्यात हायस्कूलवर इंग्रजी शिकवलं. खेड्यातल्या पोराची पहिली अडचण भीती असते. चारचौघांत उभं केलं की मराठीसुद्धा सुचत नाही, तिथे घरचा तपशील कुठून सुचणार? पाठ केलेली दहा वाक्यं जवळ असली तर निदान तोंड उघडतं. तोंड उघडलं की धीर येतो. बारावीच्या तोंडी परीक्षेत पाठांतरावर तरून गेलेली कितीतरी पोरं मी पाहिली, आणि त्यातली काही पुढे छान बोलायला लागली.

पऱ्हाटी

मास्तर, भीतीबद्दल तुमचं शंभर टक्के पटतं. म्हणून वाक्याची चौकट आम्हीही पाठ करून घेतो. 'आय युज्वली...', 'इन द इव्हिनिंग आय...', 'देअर आर फाइव्ह पीपल इन माय फॅमिली', 'आय लाइक... बिकॉज...', 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' हे सगळं झोपेतही आलं पाहिजे. फक्त रिकाम्या जागी काय भरायचं ते त्याच्या घरातून आलं पाहिजे, माझ्याकडून नको. 'आय लाइक क्रिकेट बिकॉज इट इज अ गुड गेम' म्हणणारा मुलगा पाठ करून आलेला असतो. 'आय लाइक क्रिकेट बिकॉज माय ब्रदर कॅनॉट बोल्ड मी' म्हणणाऱ्याची चौकट तीच, पण तो बोलतोय.

जुने_मास्तर

चौकट पाठ, मजकूर स्वतःचा. हे मला मान्य. भीतीसाठी एक उपाय सुचवतो. उभं करू नका. दोघा-दोघांना बसवा आणि स्वतः लांब राहा. शिक्षक जवळ आला की पोर थांबतं.

हिंजवडीत_यवतमाळ

मी मूळचा दारव्हा तालुक्यातला, आता पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. नव्या मुलांच्या मुलाखती घ्यायला मी बसतो, म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूचं सांगतो.

तांत्रिक प्रश्नांच्या आधी दोन-चार मिनिटं इकडचं-तिकडचं बोलणं होतं. 'हाऊ वॉज युवर जर्नी?' 'व्हेअर आर यू फ्रॉम?' 'टेल मी अबाउट युवरसेल्फ.' विदर्भातली हुशार मुलं इथेच घसरतात. रात्रभर ट्रॅव्हल्सने बसून आलेला मुलगा प्रवासाच्या प्रश्नाला 'गुड सर' म्हणतो आणि तोंड मिटतो. 'इट वॉज लाँग, बट आय स्लेप्ट वेल. द बस रीच्ड ॲन अवर लेट, सो आय केम स्ट्रेट हिअर' एवढं म्हटलं तर समोरच्याला कळतं की हा माणूस टीममध्ये बोलेल, अडचण आली तर सांगेल.

'व्हेअर आर यू फ्रॉम?' याचं उत्तर समोरचा कोण आहे त्यावर ठरवायचं. पुण्याच्या माणसाला 'आय ॲम फ्रॉम दारव्हा, इन यवतमाळ डिस्ट्रिक्ट' पुरतं. बंगळूरच्या माणसाला 'फ्रॉम विदर्भ, द ईस्टर्न पार्ट ऑफ महाराष्ट्र'. परदेशातल्या क्लायंटला 'फ्रॉम अ स्मॉल टाउन, अ फ्यू अवर्स फ्रॉम नागपूर. इट्स राइट इन द मिडल ऑफ इंडिया.' आमच्यातले बरेच जण लाजेने थेट 'आय ॲम फ्रॉम नागपूर' म्हणतात. मग समोरचा नागपूरचा निघाला आणि त्याने 'विच एरिया?' विचारलं की पंचाईत. आपल्या गावाचं नाव सांगावं. मी मुलाखत घेताना गावाचं नाव ऐकलं की मुद्दाम शेतीचं विचारतो, आणि मुलगा खुलतो. 'व्हॉट डज युवर फॅमिली ग्रो?' 'कॉटन अँड तूर, सोयाबीन इन सम फील्ड्स.' पुढची दोन मिनिटं तो थांबतच नाही.

'मायसेल्फ अमुक' अशी सुरुवात करू नका, 'आय ॲम' किंवा 'माय नेम इज' म्हणा. 'आय पास्ड आउट इन अमुक साली' हे भारतात चालतं, बाहेरचा माणूस बेशुद्ध पडलात असं समजतो. त्यापेक्षा 'आय ग्रॅज्युएटेड'.

जंगलवाट

मी ताडोब्याजवळच्या गावचा, जिप्सीवर गाइड आहे. माझं इंग्रजी सगळं पर्यटकांकडून आलेलं, म्हणून माझ्या अनुभवातलं लिहितो.

ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. पर्यटक प्राण्यांबद्दल विचारतील म्हणून आम्ही त्याची तयारी करतो. पण चार तास गाडीत बसल्यावर माणूस माणसाबद्दल विचारतो. 'डू यू लिव्ह निअर हिअर?' 'डिड युवर फादर आल्सो वर्क इन द फॉरेस्ट?' 'हॅव यू एव्हर बीन स्केर्ड?' हा शेवटचा तर हमखास. 'हॅव यू एव्हर' आलं की आधी 'येस, वन्स' किंवा 'येस, मेनी टाइम्स' म्हणायचं आणि मग गोष्ट भूतकाळात सांगायची. 'वन्स आय वॉज कलेक्टिंग मोहा विथ माय मदर. वुई हर्ड द लंगूर कॉल. माय मदर हेल्ड माय हँड अँड वुई वॉक्ड बॅक, व्हेरी स्लो.' लंगूर वाघ पाहून ओरडतो हे त्यांना त्याच दिवशी मी दाखवलेलं असतं, त्यामुळे गोष्ट त्यांना पूर्ण कळते.

'व्हॉट डू यू डू ऑन वीकेंड्स?' असंही विचारतात. शनिवार-रविवार तर आमची सगळ्यात जास्त गर्दी. ताडोबा मंगळवारी बंद असतं. म्हणून मी सांगतो, 'द पार्क इज क्लोज्ड ऑन ट्यूजडे, सो ट्यूजडे इज माय संडे. आय वॉश माय युनिफॉर्म अँड गो टू माय फील्ड.' लोकांना हे उत्तर फार आवडतं. गावातल्या पोरांना वीकेंडचा प्रश्न विचारताना आठवडी बाजाराचा दिवस विचारा. मजुराचा चुकारा त्याच दिवशी होतो, घरात खाऊ त्याच दिवशी येतो. 'ऑन मार्केट डे' म्हणून सुरुवात केली की पोरगं भरभरून बोलतं.

आपण काय विचारायचं तेही शिकवा. आपण कुणाला भेटलो की लग्न झालं का, लेकरं किती, पगार किती हे प्रेमानंच विचारतो. परदेशी माणसाला पहिल्या भेटीत पगार, वय आणि मूलबाळ का नाही हे विचारू नये, तो अवघडतो. त्याऐवजी 'इज धिस युवर फर्स्ट टाइम इन इंडिया?', 'डू यू हॅव फॉरेस्ट्स निअर युवर होम?' असं विचारलं की ते स्वतःच फोन काढून घरचे फोटो दाखवतात. लेकरांचेही.

संत्रावाली

मी वरूडकडची. माही पोरगी आठवीत हाये. तिच्यासंगं मीबी शिकून राह्यली. आंबिया बहाराचा माल तोडला की आम्ही मायलेकी छाटणीले बसतो, मोठा माल एकीकडे, बारका एकीकडे, अन् हात चालू असतानी ती मले इंग्रजीतून इचारते.

तिच्या पुस्तकात मायसाठी एकच उत्तर होतं. 'माय मदर इज अ हाऊसवाइफ.' म्या तिले म्हटलं, बाई, मी सकाळी सैपाक करून बागेत जातो, पाणी पाहतो, फवारणीच्या दिवशी पाणी भरून देतो, माल छाटतो, संध्याकाळी हिशेब लिहितो, अन् तू मले नुसतं हाऊसवाइफ कायले म्हणतं? मंग आम्ही दोघींनी मिळून उत्तर बनवलं. 'माय मदर वर्क्स ऑन अवर ऑरेंज फार्म. शी सॉर्ट्स द फ्रूट अँड कीप्स द अकाउंट्स.'

तुमच्या वर्गात येणाऱ्या सुनायले कोणी 'व्हॉट डू यू डू?' इचारलं तं त्याईले 'नथिंग' म्हणू देऊ नका. एवढंच सांगाचं होतं.

पऱ्हाटी

संत्रावाली ताई, आमच्या वर्गातल्या एका सुनेचं उत्तर हेच होतं, 'आय डू नथिंग, आय ॲम ॲट होम.' तुमचं उत्तर मी उद्या त्यांना दाखवणार. शिवणकाम करणारी, बचत गटाचा हिशेब ठेवणारी, म्हैस सांभाळणारी बाई काहीच करत नाही असं तिच्या तोंडून इंग्रजीतही निघता कामा नये.

पैनगंगेकाठी

एक गंभीर गोष्ट विचारायची आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात शिकवते. 'व्हॉट इज युवर फादर?' हा प्रश्न प्रत्येक वहीत आहे. माझ्या वर्गात अशी मुलं आहेत ज्यांच्या वडिलांनी कर्जापायी स्वतःला संपवलं. काहींचे वडील दारूत बुडालेले, काहींचे कामासाठी बाहेर गेलेले ते परतलेच नाहीत. संपूर्ण वर्गासमोर त्या मुलाची पाळी येते तेव्हा काय करायचं? प्रश्नच गाळावा, तर मुलाखतीत तो कधीतरी येणारच.

पऱ्हाटी

ताई, हा धागा काढताना हाच प्रश्न माझ्या मनात सगळ्यात वर होता. आमच्याकडेही अशी घरं आहेत. आम्ही काय करतो ते सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, वडिलांवरचा प्रश्न आम्ही विचारतच नाही. त्याऐवजी 'हू डू यू लिव्ह विथ?' असं विचारतो. जो घरात आहे त्याच्याबद्दल मूल बोलतं. 'आय लिव्ह विथ माय मदर, माय ग्रँडमदर अँड माय लिटल सिस्टर.' हे पूर्ण उत्तर आहे. त्यात कुणाची उणीव दाखवणारा शब्द नाही. पुढचा प्रश्न आजीवर येतो, बहिणीवर येतो. 'टेल मी अबाउट समवन इन युवर फॅमिली' असं विचारलं तर कुणाबद्दल बोलायचं हे मूलच ठरवतं. आमच्याकडे मामाबद्दल बोलणारी मुलं खूप निघाली.

दुसरी गोष्ट, पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना, अगदी सगळ्यांना, उत्तर न देण्याची वाक्यं शिकवतो. 'आय डोन्ट वॉन्ट टू टॉक अबाउट दॅट.' जरा मऊ हवं तर 'आय'ड रादर नॉट टॉक अबाउट दॅट, इफ यू डोन्ट माइंड.' आणि लगेच आपल्याकडून दुसरा विषय: 'बट आय कॅन टेल यू अबाउट माय मदर.' याचा सराव हलक्या प्रश्नांवर घेतो, मार्क किती पडले, वजन किती, यावर. म्हणजे ज्याला खरोखर गरज आहे तो वेगळा पडत नाही. प्रश्न विचारला म्हणजे उत्तर दिलंच पाहिजे असं आपल्या मुलांच्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं, विचारणारा मोठा असेल तर जास्तच. दोन्ही भाषांत नाही म्हणता येतं हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

तिसरी गोष्ट मुलाखतीची. वडिलांचं विचारलंच तर एका वाक्यात सांगून पुढे जायचं. 'माय फादर पास्ड अवे व्हेन आय वॉज इन सेव्हन्थ स्टँडर्ड. माय मदर रन्स द फार्म नाउ.' कसे गेले ते सांगायची गरज नाही, विचारायचा कुणाला हक्कही नाही. 'एक्स्पायर्ड' हा शब्द आपल्याकडे सर्रास वापरतात, त्याऐवजी 'पास्ड अवे' शिकवा, ऐकणाऱ्यालाही ते माणसाबद्दलचं वाटतं. हे वाक्य एकट्या मुलाला बाजूला घेऊन, त्याची इच्छा असेल तरच, पुन्हा पुन्हा म्हणवून घेते. पहिल्यांदा म्हणताना गळा दाटतो. घाई करू नका, पाणी द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. अनोळखी माणसासमोर ते पहिल्यांदाच म्हणायची वेळ त्याच्यावर येऊ नये.

आडनावाचंही तसंच. आपल्या भागात आडनाव विचारण्यामागे बहुतेकदा जात काढायची असते, आणि मुलांना ते नेमकं कळतं. इंग्रजीत 'व्हॉट्स युवर नेम?' याला नुसतं पहिलं नाव पुरतं. आमच्या वर्गात सगळे पहिल्या नावानेच ओळख देतात, मीसुद्धा. फॉर्म भरताना किंवा मुलाखतीत पूर्ण नाव विचारलं तर ते द्यायचं. पण ओळखीच्या गप्पांत आपण होऊन देण्याचं कारण नाही.

पैनगंगेकाठी

ताई, मनापासून आभार. 'हू डू यू लिव्ह विथ?' सोमवारपासूनच सुरू करते. आणि वहीतला तो प्रश्न खोडायला सांगते.

धानाची_बांधी

नाही म्हणायची वाक्यं सगळ्यांना शिकवण्याची कल्पना मी शाळेतल्या बाकी शिक्षकांनाही सांगितली.

शिफ्टवाली

मी चंद्रपूर जिल्ह्यातली, सध्या इंग्लंडमध्ये नर्स आहे. माझ्या ओळखीच्या किती तरी मुली आयईएलटीएसच्या, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, तयारीत आहेत, त्यांच्यासाठी लिहिते.

बोलण्याची परीक्षा एकूण ११ ते १४ मिनिटांची. त्यातली पहिली ४-५ मिनिटं याच धाग्यातल्या प्रश्नांची: घर, गाव, काम, शिक्षण, आवडी. मधल्या भागात एक विषय देतात, तयारीला १ मिनिट मिळतं आणि १ ते २ मिनिटं एकटीनं बोलायचं असतं. शेवटी त्याच विषयाला धरून जरा खोल चर्चा. गुण चार गोष्टींना सारखे: न अडखळता जोडून बोलणं, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. तुमची आवड किती भारी आहे याला गुण नाहीत. त्यामुळे 'मला प्रवासाची आवड आहे' असं खोटं सांगून अडकण्यापेक्षा शेणाने अंगण सारवते हे सांगा आणि नीट सांगा. घोकून आलेलं उत्तर परीक्षकाला ओळखू येतं, आणि ते महागात पडतं. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगता येतं.

उच्चाराबद्दल एक. आपण 'व्ह' आणि 'व' दोन्ही सारखेच म्हणतो. 'व्हिलेज' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवा, 'वॉटर' म्हणताना ओठ गोल करा, दात टेकवू नका. गाव आणि पाणी आपल्या प्रत्येक उत्तरात येतं, म्हणून हे दोन शब्द आधी घ्या.

इथे वॉर्डात म्हातारे रुग्ण रोज विचारतात, 'डू यू मिस होम, लव्ह?' सुरुवातीला मी 'येस' म्हणून पुढे जायची. आता सांगते, 'आय मिस माय मदर्स झुणका. इट्स मेड विथ चिकपी फ्लावर अँड अ लॉट ऑफ चिली.' मग ते त्यांच्या आईच्या हातचं सांगतात. आपले शब्द टाकायला घाबरू नका. भाकर, झुणका, पोळा, तूर जसंच्या तसं म्हणा आणि लगेच एका वाक्यात उलगडून सांगा. 'पोळा इज द डे वुई थँक अवर बुलक्स. दे डोन्ट वर्क दॅट डे, वुई पेंट देअर हॉर्न्स.' याहून जास्त समजावत बसलं की बोलणं भरकटतं.

हिंजवडीत_यवतमाळ

पोळ्याचं वाक्य उचलतो. ऑफिसात दर वर्षी सुट्टी मागताना सांगावं लागतं.

पऱ्हाटी

एक अडचण राहिलीच. आमच्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. 'व्हेअर डू यू लिव्ह?' असं एक मुलगी दुसरीला विचारते तेव्हा दोघींची घरं एका भिंतीला लागून असतात. 'हाऊ मेनी पीपल आर देअर इन युवर फॅमिली?' विचारणारी कालच तिच्याकडे जेवलेली असते. उत्तर आधीच माहीत असलं की ऐकायला कुणाला गोडी राहत नाही. बांधीकर सरांनी आंब्याच्या चित्राचं जे लिहिलं ते आमच्या सरावालाही लागू होतं. यावर कुणाला काही सुचतं का?

धानाची_बांधी

सुचतं ना. वेगवेगळ्या जिल्ह्यांतली पोरं जोडून द्या. आमच्या पोरांनी संत्र्याची बाग पाहिली नाही, वरूडच्या पोरांनी धानाची बांधी पाहिली नसेल. शाळेच्या फोनवरून व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायचा. एका पोरानं एकच प्रश्न, समोरच्यानं अर्ध्या मिनिटाचं उत्तर आणि एक उलट प्रश्न. लाइन गेली, रेंज नसली तरी चालतं, जेव्हा येईल तेव्हा ऐकता येतं. आणि चुकलं तर पुन्हा रेकॉर्ड करता येतं, म्हणून लाजरी पोरंही बोलतील. पोरांचे नंबर कुणाला द्यायचे नाहीत, फोन मोठ्या माणसाच्या हातात राहील.

संत्रावाली

माही पोरगी अन् तिच्या मैत्रिणी तयार हायेत. त्याईच्या बाईले इचारून सांगतो. पहिला प्रश्न तिनं आत्ताच लिहून देल्ला: 'व्हाय डू यू प्लांट राइस इन द मड? डोन्ट युवर फीट हर्ट?'

धानाची_बांधी

सोमवारी सातवीच्या वर्गाला ऐकवतो. उत्तर द्यायला भांडतील पोरं. आमच्याकडून बदल्यात हा प्रश्न घ्या: 'हू ईट्स द स्मॉल ऑरेंजेस?'

जुने_मास्तर

मलाही त्यात घ्या. मी सेवानिवृत्त आहे, सकाळचा वेळ मोकळा असतो. पोरांचे आवाज ऐकून प्रत्येकाला एकच दुरुस्ती पाठवीन, जास्त नाही.

पऱ्हाटी

मास्तर, हेच हवं होतं. दुरुस्ती एकच आणि तीही उत्तराबद्दल काहीतरी बोलून झाल्यावर. 'तुझी बकरी आता कशी आहे?' हे आधी, 'ईट्स' मधला 'स' नंतर.

पैनगंगेकाठी ताई, तुमची शाळाही जोडून घेऊ का? आमची मुलं कापसाची, तुमचीही कापसाचीच, म्हणून तुमची जोडी ताडोब्याकडच्या मुलांशी लावावी असं वाटतं. जंगलवाट दादा, तुमच्या गावातल्या शाळेत विचाराल का? मंगळवारी मोकळे असाल तेव्हाच.

जंगलवाट

विचारतो ताई. मंगळवारी शाळेत जाऊन सरांशी बोलतो आणि इथेच कळवतो.